दारातला आवाज

फोर्ट रोडला इराण्णाचं दुकान, आठ फूट रुंद.
भिंतीला भोकं पाडलेली फळी
आणि भोकाभोकात एक काळं तोंड.
बाहेर माझी वॅगनार, सेकंडहँड, केए बावीस.
डाव्या दारातला कागदी कोन फाटल्यापासून
सहा महिने प्रत्येक गाणं पडसं झाल्यासारखं बोलत होतं.

इराण्णा मराठीत सुरू करतो, कन्नडात संपवतो,
आमच्यात सगळेच तसे.
"हा कोॲक्सियल. जाड-बारीक एकाच पोटात.
मधोमध ट्वीटर, सुपारीएवढा.
चार स्क्रू, अठराशे. साकु.
हा कंपोनंट. जाड आवाज खाली दारात,
बारीक वर, काचेच्या कोपऱ्यात, कानासमोर.
मध्ये ही डबी. कुणी कुठं जायचं ती ठरवते.
साडेसहा हजार. खरं, गाणारी बाई
बोनेटवर येऊन बसल्यासारखी वाटते."

मला ती बाई पाहिजे होती.
महिनाभर रात्री जागून मी तिच्याबद्दलच वाचत होतो.

बाबा स्टुलावर, टोपी गुडघ्यावर.
बाजारला म्हणून आलेले, पिशवीत पावशेर मिरची.
"काकांनाच ऐकवू," इराण्णा म्हणाला
आणि बारीक आवाज सुटा दाखवायला
खालच्याची वायर काढली.

राहिला फक्त ट्वीटर.
पत्र्यावर मोहरी सांडावी तसा:
झांजेची कड, तारेवरचं नख,
बाईनं ओळीआधी घेतलेला श्वास,
तिचे सगळे स, सगळे श.

बाबा म्हणाले, "बंद पडलं की रे."

मी इराण्णाकडं बघितलं, इराण्णानं वायरकडं.
मग त्यानं बटण पुरं पिळलं.
समोरचा चप्पलवाला कानावर हात ठेवून उठला.
बाबा त्या सुपारीकडं बघत होते, शांत,
तलाठ्याच्या टेबलापुढं बसल्यासारखे.
"लाईट गेली काय?"

म्हणजे कुकर.
म्हणजे फोन, दाराची बेल,
म्हणजे रेणू "आज्जो, आज्जो" करून दमते तेव्हा
न वळणारी पाठ.
दोन वर्षं आम्ही म्हणत होतो, म्हातारा मुद्दाम करतो,
कामाचं ऐकत नाही, भांडणाचं बरोबर ऐकतो.
भांडण जाड आवाजात होतं आमच्या घरात.

उद्यमबागच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
ग्राइंडर धरून कास्टिंगच्या कडा मारल्या त्यांनी.
कानात कापसाचे बोळे, तेही आपापले घरून आणलेले.
जगाची वरची कड त्यातच घासली गेली असणार,
रोज थोडी, बोट फिरवलं तर टोचू नये इतकी.

इराण्णानं वायर जोडली.
ढोलकी आली. बाबांची मान हलली.
"हां. आत्ता आलं."

"यावदु कोडली?" इराण्णानं विचारलं,
ह्या वेळी सुरुवातच कन्नडात, हळू.

कोॲक्सियल घेतला.
घरी सांगितलं, पैसे वाचले.
ते खोटं नाही.
बोनेटवरची बाई मला अजून पाहिजे आहे,
हेही खोटं नाही.

तिसरं गेट ओलांडलं तसा
बाबांनी डावा तळवा दारावर ठेवला,
बैलाच्या पोटावर ठेवावा तसा,
आणि मच्छे येईपर्यंत काढला नाही.
"दार वाजतंय की," म्हणाले.
उद्यमबागला फौंड्रीच्या गेटकडं बघितलंही नाही.
तिथं आता फरशीचं गोदाम आहे.

मी बारीक आवाज शेवटापर्यंत वाढवून बघितला,
मग परत होता तिथं आणला.
पिरनवाडीच्या पुढं, घसा खाली नेऊन,
एकेक शब्द दारातून यावा तसा म्हणालो,
"बाबा. दवाखान्यात. एकदा. जाऊया काय?"

तळवा तसाच दारावर.
"ओरडूलास कशाला," ते म्हणाले,
"ऐकू येतंय की मला."